करवंदीच्या जाळीतून

नाशिक,
बुधवार, १८ मार्च १९३६

प्रिय ढुंढिराज,

सप्रेम नमस्कार. सौ. गोदावरीवहिनींनाही, तुझी नजर अधू झाल्यापासून माझी पत्रे वाचून दाखवण्याची शिक्षा त्याच भोगतात. दोन आळ्यांवर राहून टपाल कशाला, म्हणशील. समोर बसून बोलायला तोंड लागते, ते सध्या नाही.

इकडे सर्व क्षेम. माझ्या साप्ताहिकातल्या सदरावर पंचवटीतले दोन उपाध्ये रागावले आहेत, म्हणजे सदर ठीक चालले आहे.

रविवारची रामशेजची फेरी मात्र मनातून जात नाही. पळस पेटलेला, पांगाऱ्यावर साळुंक्यांची शाळा सुटलेली, आणि मंडळींच्या पुढे तू, काठी टेकत, नुसत्या कानांनी पक्षी ओळखत होतास. हा तांबट, ती टोई. एकदाही चुकला नाहीस.

पायथ्याशी मी मागे राहिलो. पोट बिघडले, असे सांगितले होते. पोट उत्तम होते.

मग ती शीळ आली. तीन लांब सूर, शेवटी थरथर. तू थांबलास, टोपी काढलीस. लहानपणी वडिलांबरोबर सुरगाण्याच्या रानात ऐकली होती म्हणालास, आणि तुझ्या गालांवर पाणी आले. मागे राहिलेल्या माणसाला हे इतके नीट कसे दिसले, असे तू अजून विचारले नाहीस.

काल सांगायलाच आलो होतो. दारातच वहिनी म्हणाल्या, "भावोजी, दोन वर्षं हे झोपेत कण्हायचे. आता शीळ घालतात." तू आतून सांगितलेस, मुंबईचे दोन पक्षीवाले येत्या रविवारी ती ऐकायला येताहेत, तारही आली. मी चहा पिऊन परतलो.

वहिनी, पुढचे जसे आहे तसे वाचा. साखर घालू नका.

ढुंढ्या, ती शीळ मी घातली. करवंदीच्या जाळीत दडून. तू भलतेच नाव सांगशील, मी बाहेर येईन, चार लोक हसतील, एवढाच बेत. तू टोपी काढलीस आणि मला बाहेर येता येईना.

मुंबईला तार कर, येऊ नका म्हणावे. नाहीतर लोक म्हणतील, डोळ्यांमागून याचे कानही गेले. रविवारी पुन्हा जाळीत बसावे, हाही विचार मी केला. माझी पुरती किंमत तुला कळावी म्हणून लिहितो. कारण विचारले तर माझे नाव सांग. सदरात मीच छापीन.

टोपी घालून फिर. ऊन वाढते आहे.

अजून त्याच जाळीत अडकलेला,
तुझा (म्हणू दिलेस तर)
चिंतामण