उंटाची बाटली

मंगळवार, ४

बाटली हलकी झालीय!

हातात घेताच कळलं. इतकी वर्षं वजनकाटे दुरुस्त करतोय. ना शाळा, ना गुरू, यंत्रं उघडून उघडून शिकलो. माझा हात चुकत नाही. उंटाची आलुबुखाराची दारू — काळ्या मातीची बाटली, गळ्यात लाकडी पट्टी, तिच्यावर त्याच्याच अक्षरात 'उंट'. आम्ही दर मंगळवारी जातो त्या जपानी हॉटेलात नेहमीच्या गिऱ्हाइकाची बाटली फळीवर राहते, ज्याची त्यानं उतरवायची. उंट, आमचा दोस्त, गेला त्याला चार महिने होतील. त्याला पोचवून परतताना मी आणि दंतूनं (दातांचा डॉक्टर, आमच्यातला तिसरा) ठरवलं, ही बाटली अशीच राहू द्यायची. कुणी थेंब घ्यायचा नाही. उंटाचं आमच्याकडे एवढंच उरलंय.

दंतू म्हणाला, "अरे, उडाली असेल."

बूच घट्ट आहे. उडते कशी?

बाकी जेवण चोख. वांग्याच्या फोडींवर मिसोचा (आंबवलेल्या सोयाबीनचा) लेप, कडा किंचित करपलेल्या — अशाच हव्यात. माझ्या कॉकटेलमध्ये युझूचा, त्या जपानी लिंबाचा, रस जास्त पडला होता. सांगितलं. बारमननं दुसरं करून दिलं. दंतू लाजला. लाजू दे.

बुधवार, ५

छोटा काटा पिशवीत टाकून ठेवला.

मंगळवार, ११

काउंटरवर काटा मांडला. दंतूनं उकडलेल्या शेंगांची वाटी माझ्यापुढे सरकवली — "घे, आता शेंगापण तोलून खा!"

बाटली तोलली. आकडा पाठ केला; मला लिहून ठेवावं लागत नाही.

बारमनला सरळ विचारलं, यातली कोण पितं?

"आम्ही हात लावत नाही, साहेब. ज्याची बाटली, तोच घेतो."

"तो मेलाय."

"माहीत आहे, साहेब." आणि पेला पुसत राहिला.

उंट असता तर जेवायच्या काड्यांच्या कागदी पाकिटाचा उंट करून काट्यावर उभा केला असता. दोन कुबडांचा. ती घडी त्यानं मला कितीदा तरी दाखवली. काड्या धरायला मी माझा मी शिकलो, काट्याची बारकी वजनं उचलून उचलून. ही घडी मात्र नाही जमली. आयुष्यात ही एकच गोष्ट.

मंगळवार, १८

घटलंय! दोन पेले तरी गेलेत.

दंतू या वेळी हसला नाही. म्हणाला, "तू नीट झोपतोस ना रे?" — मला! चोर मोकळा, आणि तपासणी माझी!

सापळा लावला. केकवर घालतात तो निळा रंग. वास नाही, चव नाही. दंतू हात धुवायला गेला तेवढ्यात अख्खी कुपी बाटलीत ओतली. इथले पेलेही काळे, रंग दिसायचा नाही. जिभेवर मात्र दिसेल.

माफ कर रे, उंटा.

बुधवार, १९

दुकान बंद करून वळसा घालून तिकडे गेलो. बारमनला हसवलं. जीभ गुलाबी. आचारी हसता हसत नाही. त्याला माशाच्या चकत्या जाड कापल्यास म्हटलं, तोंड उघडून भांडायला लागला. गुलाबी.

गुरुवार, २०

पुन्हा गेलो. दोघांचीही गुलाबीच.

बारमननं न विचारता माझ्यापुढे दोन पेले मांडले. म्हटलं, एकटाच आहे. त्यानं माझ्या शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. मग एक पेला उचलला, सावकाश, कुणाचा अपमान होऊ नये तसा.

"हल्ली रोज येता. बरं वाटतं," म्हणाला.

हल्ली? रोज? मी कालपासून येतोय!

शुक्रवार, २१

दुपार. आज जाणार नाही. मुद्दामच. सोनाराचा काटा लावून द्यायचाय, संध्याकाळभर दुकानातच बसेन. बारीक काम आहे. हात स्थिर लागतो, डोकं जागेवर लागतं. तेच माझं भांडवल. दंतूला काय वाटायचं ते वाटो, बारमनला काय बोलायचं ते बोलो. माझं डोकं जागेवर आहे. आज मी कुठे होतो हे उद्या मला कुणी सांगायला नको, म्हणून हे लिहून ठेवतोय.

शनिवार, २२

दात घासताना आरशात पाहिलं. जीभ निळी.

दुकानात धावत गेलो. सोनाराचा काटा तसाच उघडा पडलाय, हातही लागलेला नाही.

घरी आलो तर ही शर्ट धुवायला घेत होती. "बाहेरच जेवणार होतात तर सांगायचं तरी. आणि हे काय खिशात?"

कागदाचा उंट. दोन कुबडं. टेबलावर ठेवला तर सरळ उभा राहिला.

ती घडी मला येत नाही.