बिननावाची कट्यार

ओकायामा
२१ ऑक्टोबर

चि. शिगेकीस ताईचे आशीर्वाद.

पत्राच्या सुरुवातीला ऋतूचं वर्णन करायची आपल्याकडे रीत आहे, ते आधी उरकून घेते. हवा गार झाली. कुंपणाजवळच्या झाडाला टोमॅटोसारखी केशरी काकी फळं लगडली, निम्मी कावळ्यांनी खाल्ली, उरलेली मी सोलून सोप्यात दोरीला टांगली आहेत. माझा गुडघा जैसे थे. तू कसा आहेस हे विचारत नाही, कारण उत्तर येत नाही. नववर्षाला तुझं एक कार्ड येतं आणि त्यावरही छापील मजकूर असतो. डोंगरात भट्टी पेटवून बसलेल्या माणसाला खाली गावात एक बहीण आहे, एवढी आठवण या पत्रानं झाली तरी पुष्कळ.

बाकी मी मजेत आहे. सदुसष्टावं लागलं तरी डोळे शाबूत आहेत, आणि कट्यारी जमवणाऱ्या बाईला आणखी काय लागतं? गेल्या महिन्यात कुराशिकीच्या एका दुकानातून एक उचलली. वीतभर पातं, म्यान मोडकं, दिसायला अगदी गरीब. दुकानदार म्हणाला, दोनशे वर्षांची असेल. मी पाहताक्षणी ओळखलं की त्याच्याही शंभर वर्षं आधीची आहे, आणि तोंड वाकडं करून घेतली. त्याला वाटलं म्हातारीला गंडवलं, मला वाटलं दुकानदाराला. दोघंही खुशीत घरी गेलो.

परवा रविवारी आमच्या मंडळाची ओळख-परीक्षा झाली. तू यायचा बंद झालास त्याला बरीच वर्षं झाली, पण सगळं तसंच चालतं. देवळाच्या कचेरीचा वरचा मजला, पांढऱ्या कापडावर मांडलेली पाती, आणि मुठीत बसणारा देठ कापडात करकचून बांधलेला, म्हणजे त्यावर कोरलेलं नाव कुणाला दिसू नये. कारागिराचं नाव नुसत्या पात्यावरून सांगायचं. परीक्षक अजूनही कुवाहारा गुरुजीच. दातांचा दवाखाना बंद केला, पण चिठ्ठीवर ‘नाही’ लिहून परत देताना चेहरा दाढ उपटल्यासारखाच प्रसन्न असतो.

तिसरी कट्यार मी हातात घेतली. पातं हातात असताना बोलायचं नसतं, थुंकी उडाली तर गंज चढतो, हे बरं झालं. नाहीतर मी ओरडलेच असते.

किती सुंदर होती रे! अंगावर लाकडाच्या शिरांसारखं दाट पोलाद, आणि धारेलगत पोलादाला पाणी देताना उमटलेली ती पांढरी रेघ, पहाटेच्या धुक्यासारखी मऊ. त्या रेघेतून धारेकडे बारीक पावलं उतरत होती. भट्टीत घालण्याआधी मातीच्या लेपात ज्या आडव्या रेघा ओढतात, त्यांचीच पुढे ही पावलं होतात, हे तुला काय सांगायचं! आपल्या भागातल्या जुन्या कामात ती पावलं कललीच तर एका बाजूला कलतात. ही दुसऱ्या बाजूला कलली होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत, सगळीच्या सगळी.

बाबांच्या धाकानं तू जेवायचास उजव्या हातानं, घण उचलायचास उजव्या हातानं. डावखुऱ्याचं काम म्हणजे उलटा मिटलेला किमोनो, तो फक्त मढ्याला शोभतो, असं ते म्हणायचे. पण लेप लावायची वेळ आली की तू भट्टीचं दार लोटून घ्यायचास. त्या दाराला फट होती, शिगेकी, आणि मी तुझी मोठी बहीण होते. कुठली बहीण फटीतून बघत नाही?

मी चिठ्ठीवर तुझं नाव लिहिलं.

गुरुजींनी ती वाचली, चष्मा काढला, पुसला, परत वाचली. म्हणाले, “सुमिएबाई, तुमचे धाकटे बंधू सातशे वर्षांचे झाले? मग तुमचं वय काय धरायचं आम्ही?”

“बायकांचं वय विचारू नये, गुरुजी. चिठ्ठीवर काय लिहायचं ते लिहा.”

त्यांनी ‘नाही’ लिहिलं. तीन वेळा नाव सांगायची मुभा असते. मी तिन्ही वेळा तुझंच नाव दिलं. सगळी मंडळी पोट धरून हसली. ‘बाईंची भावावर फार माया,’ असंही कुणीतरी म्हणालं. हसू देत. माझा डोळा तुम्हा पुरुषांच्या हशानं अधू होत नाही.

शेवटी उत्तर जाहीर झालं. कट्यार बिननावाची, पण नक्की आपल्या भागातल्या जुन्या ओसाफुने लोहारांपैकी एखाद्या थोर हाताची, असं गुरुजींचं मत पडलं. मालक आहेत आपले ओदागिरीकाका, कौलांच्या भट्टीवाले. त्यांनी जन्मभर जमवलेल्या सगळ्या कट्यारी व्यापारी निकाइदोला देऊन बदल्यात ही एकच घेतली. नोव्हेंबरात ती तोक्योला परीक्षक मंडळाकडे जाणार. तिथला शिक्का बसला की ती सातशे वर्षांची होणार, कायमची.

मला आधी निकाइदोचा संशय आला. वाटलं, त्यानं कानस मारून तुझं नाव उडवलं असणार. तुझ्या वतीनं भांडायला मी बाह्या सरसावून तयारच होते. ती सवय मला तू बोबडं बोलायचास तेव्हापासूनची आहे. मंडळी पांगल्यावर काकांना म्हटलं, जरा देठ बघू द्या. दिव्याखाली धरला, अंगठा फिरवला. नाव घासून काढलं की तिथं खोलगट लागतं, देठ बारीक होतो. तसं काही नव्हतं. गंज नवा होता, शिजवून चढवलेला, आणि त्याखाली देठ जसा कारागिरानं सोडला तसाच होता. तिथं नाव कधी कोरलेलंच नव्हतं.

नव्या पात्यावर नाव आणि तारीख कोरायची असते. लोहाराला परवाना देतानाच हे शिकवतात. दोन दिवस मी काकी फळं सोलत या एकाच गोष्टीचा विचार करते आहे. तेव्हा आता विचारते. का, शिगेकी?

या वेळी छापील उत्तर चालणार नाही.

ताई


ओकुइझुमो
२५ ऑक्टोबर

ताई,

मला पत्र लिहिता येत नाही. जमेल तसं लिहितो.

ती माझीच आहे. बाबा गेले त्या हिवाळ्यात केली. डाव्या हातानंच लेप लावला, पण दार उघडं टाकून पहिल्यांदाच. पाण्यातून बाहेर काढली तेव्हाच कळलं की अशी परत व्हायची नाही. छिन्नी हातात घेतली आणि नाव कोरवेना. इतकी वर्षं खणात पडून होती.

निकाइदो वसंतात आला होता. माझं जुनं लोखंड घ्यायला येतो तो. खणात ती दिसली. म्हणाला, “ही कुणाची?” मी म्हणालो, “तुला कुणाची वाटते?” त्यानं ओसाफुनेचं नाव घेतलं. मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. चहा ओतला. जाताना लोखंडाबरोबर ती घेऊन गेला. गंज त्यानं चढवला. जुन्या घराच्या माळ्यावर सापडली, असे कागदही त्यानंच केले. हे मला ठाऊक नव्हतं, असं म्हणणार होतो. पण तू अंगठा फिरवून ओळखशील, म्हणून म्हणत नाही.

माझं नाव असलेली कट्यार लोक हातात घेतात आणि म्हणतात, वा, बापाचं नाव राखलं पोरानं. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी अजून पोरगाच. बापाचं नाही, माझं नाही, कुणाचंच नाव नसलं तर काय म्हणतात, ते मला एकदा ऐकायचं होतं. एवढंच होतं, ताई.

ओदागिरीकाकांनी आपल्या सगळ्या कट्यारी दिल्या, हे मात्र तुझ्या पत्रातूनच कळलं. त्या दिवसापासून भट्टी पेटवलेली नाही.

परवाना गेला तर मला दुसरं काही येत नाही. तू नेहमी सगळीकडे माझ्यासाठी बोलतेस. शाळेत बोललीस, बाबांशी बोललीस. या वेळी फक्त गप्प बस.

आणि एक. कुवाहारा गुरुजी नक्की काय म्हणाले? शब्द न शब्द लिही.

शिगेकी


ओकायामा
२९ ऑक्टोबर

चि. शिगेकीस,

तुझं पत्र मी उभ्यानंच वाचलं, मग बसून वाचलं. तुझा मला संताप आला आणि रडूही आलं. दोन्ही एकदम आवरताना चहा उतू गेला. उभ्या जन्मात तू मला एवढं लांब पत्र लिहिलं नव्हतंस, आणि लिहिलंस ते असं.

आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण त्यासाठी तू जीव मुठीत धरून बसला असशील. गुरुजींनी कट्यार दोन्ही हातांनी कपाळापर्यंत उचलली आणि खाली ठेवली. मग म्हणाले, “ही उलटी पावलं बघा. हा माणूस कुणासारखं करायला बसलाच नव्हता. मी पन्नास वर्षं पाती बघतो आहे, असा हात माझ्या नशिबात पुन्हा येणार नाही.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. हे मी पदरचं घालत नाही, माझा तो स्वभाव नाही. एक शब्द अधिक नाही, एक उणा नाही. घे. हे तुझं आहे आणि ते कुणी परत मागू शकत नाही.

आता बाकीचं. हे तू ऐकलंस ते ओदागिरीकाकांच्या जिवावर. काल मी त्यांच्याकडे गेले होते. घाबरू नकोस, मी काही बोलले नाही. त्यांच्या दिवाणखान्यातला तो लांब लाकडी घोडा आठवतो? कट्यारींनी भरलेला असायचा आणि काका प्रत्येकीची कूळकथा सांगत सुटायचे. आता त्यावर फक्त ही एकटी. मला म्हणाले, “सुमिए, लोक म्हणतात म्हाताऱ्याला चळ लागला. पण रोज सकाळी हिला बघतो आणि वाटतं, त्या सगळ्या मी हिच्याकडे पोचण्यासाठीच जमवल्या होत्या.”

मी फक्त म्हटलं, “काका, तोक्योला पाठवायची घाई करू नका. रविवारी एक माणूस तुम्हाला भेटायला येईल. या कट्यारीबद्दल त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही.”

“एवढा मोठा जाणकार? कोण गं?”

“तोच सांगेल.”

शिगेकी, ते लहान मुलासारखे खूश झाले. सुनेला लगेच सांगितलं, रविवारी वाम मासा आणा, चांगला चहा काढा, अंगणातली पानं झाडून घ्या. न्हाव्याकडेही जाणार आहेत. तुझ्यासाठी ते दाढी करून बसणार आहेत, हे गाडीत बसताना लक्षात ठेव.

परवाना राहील की जाईल, मला माहीत नाही. बहुधा जाईल. ‘गेला तर गेला’ असं मी म्हणणार नाही. भट्टीशिवाय तू काय आहेस हे मला ठाऊक आहे आणि त्या विचारानं माझी झोप उडाली आहे. निकाइदोचं पाप निकाइदोच्या पदरात पडेल, मी ते पाडीनच, आणि काकांच्या कट्यारी त्याच्याकडून परत काढायला मला कुणाच्या मदतीची गरज नाही. पण तू ओतलेला तो चहा तुझा आहे. तू गप्प बसलास म्हणून एका म्हाताऱ्याचं घर रिकामं झालं. आता मीही गप्प बसले, तर आपण दोघं मिळून त्याला लुटलं असं होईल.

येताना छिन्नी घेऊन ये. काका म्हणतील ‘चालता हो’, म्हणतील ‘पोलीस बोलावतो’. किंवा कदाचित म्हणतील ‘कोर तुझं नाव, माझ्यासमोर’. काय म्हणतील ते मला खरंच सांगता येत नाही, आणि मी माणसं ओळखण्यात सहसा चुकत नाही. पण नाव कोरायला सांगितलं आणि हत्यार घरी राहिलं, अशी सबब मला नको. कोरायची वेळ आलीच तर ज्या हातानं केलीस त्याच हातानं कोर.

रविवारी दुपारच्या गाडीला मी स्टेशनवर असेन. नाही उतरलास, तर सोमवारी मी काकांकडे जाईन आणि सगळं सांगेन. पण त्या दिवशी मी तुझ्या वतीनं बोलणार नाही, त्यांच्या वतीनं बोलेन. असं मी आयुष्यात कधी केलेलं नाही. माझ्यावर ती पाळी आणू नकोस.

उतरलास तर त्यांच्या फाटकापर्यंत मी तुझ्याबरोबर चालेन. गुडघा कुरकुरला तरी चालेन. तिथं मी थांबेन. आतून कितीही मोठा आवाज आला तरी आत येणार नाही. तू मला गप्प बसायला सांगितलंस ना? बसते. आत तुझं तू बोल.

फाटकाबाहेर उभी असलेली,
तुझी ताई