डफ तापेपर्यंत

बाबा, तुमच्यावर पिक्चर निघालाय असं सगळे म्हणत होते. तुमच्यावर नाही, मी पाहून आले. कुठल्याशा खडी गंमतवाल्या शाहिरावर आहे. नाव वेगळं, गाव वेगळं, आणि तो दारू पितो. तुम्ही तर सगळा जन्म चहावर काढला. पण तळेगावहून शेजारच्या काकूंचा फोन आला, "तुह्या बाबाचा पिक्चर लागला वं वर्ध्याले, पाह्यला का नाई?" मग इथं पिपरीतल्या बायका विचारायला लागल्या, आणि धाकट्या भावानं सिंदी मेघेतून परस्पर तिकिटंच काढली. मला जायची हौस नव्हती. दिवसभर दुकानात ब्लाउजपीस उलगडा, घड्या घाला, जीव आंबून जातो. त्यात अंधारात बसून आपल्याच घरचं रडगाणं कोण पाहणार? आईनं तर साफ सांगितलं, "मले दिसत नाई. अन् जे घरी फुकट पाह्यलं, ते तिकीट काढून काऊन पाहू?" तिचे डोळे गेलेच आहेत आता, कान मात्र तिखट आहेत. तिला घरी ठेवून आम्ही दोघं गेलो.

पिक्चर चांगला आहे, उगीच नावं ठेवत नाही. तो नट आपल्याकडचा नाही, दर वाक्यात 'मले' आणि 'काऊन' घालतो, फोडणीत मोहरी जास्त पडावी तसं वाटतं. पण गातो छान. तुमच्यापेक्षा छान गातो बाबा, राग मानू नका. तुमचा आवाज वरच्या पट्टीत फाटायचा आणि तुम्ही तिथं हसून वेळ मारून न्यायचे. त्याची बायको मात्र सारखी रडते. मी धाकट्याला म्हटलं, आपली आई कुठं रडत होती, भांडत होती. जत्रेत डीजे येतो, शाहिराचं ऐकायला कुणी राहत नाही, मग शेवटी एकदा त्याला मोठा मंच मिळतो आणि तिथं तो खुर्चीवर बसून गातो. अख्खं थेटर टाळ्या वाजवत होतं. मी तुमचे पाय आठवत होते. खडी गंमत म्हणजे रात्रभर उभ्यानं गायचं. सकाळी तुम्ही यायचे तेव्हा घोटे सुजून चप्पल निघत नसे, आई मिठाच्या गरम पाण्याची बादली पुढ्यात आदळायची आणि म्हणायची, "या, टाळ्या खाऊन पोट भरलं असन." त्या खोट्या शाहिराला कुणी तरी बसू दिलं, एवढ्यानंच मला बरं वाटलं.

पण त्याच्या आधी एक जागा आहे, तिथं माझं सगळं गेलं. तो डफ तापवतो. तुम्ही गंमतीला जायच्या दिवशी संध्याकाळी आईची चूल अशीच अडवायचे. डफ विस्तवावर धरायचा, फिरवायचा, बोटानं एक टिचकी, मग कानाशी न्यायचा. कातडं कमी तापलं तर बोलत नाही, जास्त तापलं तर फाटतं, म्हणून तुम्ही घाई करत नव्हते. आई परातीत पीठ मळून खोळंबलेली. तुमचं नाव ती कशाला घेईल, तिचं आपलं 'अजी'. "अजी, उतरवा ना आता ते. भाकर कवा टाकू?" तुम्ही मान हलवायचे आणि म्हणायचे, "अजून नाई." एकदा मी मध्येच हात घालून डफ वाजवला तेव्हा तुम्ही माझ्यावर ओरडला होता, आणि मग जाताना माझ्या हातात तोच डफ देऊन वेशीपर्यंत घेऊन चल म्हणाला होता. मला वाटायचं, कानाशी नेणं, मान हलवणं, ते 'अजून नाई', हे सगळं तुमचं एकट्याचं आहे. त्या नटानं पडद्यावर हुबेहूब तेच केलं. कुणा दुसऱ्या म्हाताऱ्याकडून शिकला असेल. म्हणजे तुमच्या धंद्यातले सगळेच तसं करत होते की काय, हे आता मी कुणाला विचारू?

तेव्हापासून एक भलतंच होऊन बसलंय. डोळे मिटून तुम्हाला आठवायला जाते, 'अजून नाई' ऐकू येतं, पण त्या नटाच्या आवाजात. तुमचा येत नाही. तुमची एकच कॅसेट होती, तिच्यावर धाकट्यानं लहानपणी सिनेमाची गाणी भरली. तेव्हा तुम्ही हसला होता, म्हणाला होता, "बरं झालं, काही तरी चांगलं ऐकू येईन." माझ्या कानात होता तेवढाच तुमचा आवाज उरला होता, आणि आता तिथंही पिक्चर भरला गेला. मी फार थकले आहे बाबा. दुसरं काही मागत नव्हते, तेवढं राहायला हवं होतं.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून पुढचं सांगते. रविवारी दुकान बंद होतं. आई दाराशी बसून परातीत पीठ मळत होती. दिसत नसलं तरी तेवढं काम ती सोडत नाही. मी भिंतीवरचा डफ काढला, पुसला आणि गॅसवर धरला. इतक्या वर्षांचं ढिलं कातडं, टिचकीला नुसतं थप्प म्हणालं. कानाशी नेला. सर्दीनं माझा घसा बसला होता, आणि कुणाला ऐकवायचं म्हणून नव्हे, आपलंच तोंडातून निघालं, "अजून नाई."

आईचे हात थांबले. तुम्ही गेल्यापासून जो शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नव्हता, तो ती अगदी रोजच्यासारखा म्हणाली. "अजी, उतरवा ना आता ते. भाकर कवा टाकू?"

आई, मी आहे, असं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "थांब वं थोडी."

ती थांबली. भांडली नाही, पिठात हात ठेवून ऐकत बसून राहिली. तुमच्यासाठी ती इतका वेळ कधीच थांबली नव्हती. आणि डफ तर केव्हाच तापला होता बाबा, मीच तो उतरवत नव्हते.