ग्लिसरीनच्या शेजारी

ती. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाचीची तब्येत? बाळ आता बसायला लागलं असेल (तू 'पंधरा दिवसांत येते' म्हणून गेलीस तेव्हा ते जन्मायचं होतं, तक्रार करत नाहीये, सहज आठवलं). मी इथे मजेत आहे. अजिबात घाई करू नकोस.

एक किरकोळ प्रकार घडला, तो दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच कळवतो. तू गेल्यापासून भाजी मी धुतो. भाजीवाल्याचा काय भरवसा, म्हणून आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतून पोटॅशियम परमँगनेटची छोटी बरणी आणली. काळपट जांभळे खडे. बादलीभर पाण्याला दोन-चार कण पुरतात, मी चमचाभर टाकले (स्वयंपाकघरातलं माप मला कधी कळलंय?). भाजी, टॉवेल आणि माझी दहाही बोटं तपकिरी झाली. हे डाग साबणाने जात नाहीत, लिंबाने जातात; वीस वर्षं मी पोरांना हेच सांगत आलोय. पण लिंबू आणायची आठवण करणारं घरात कुणी लागतं ना!

आता खरी गंमत. हा पदार्थ स्वतः पेटत नाही, शेजाऱ्याला पेटवतो. ग्लिसरीनला तर हमखास. प्रयोगशाळेच्या कपाटावर तशी पाटी आहे, माझ्याच हाताने लाल शाईत लिहिलेली. आणि घरी ती बरणी मी कुठे ठेवावी? न्हाणीघरातल्या फळीवर, तुझ्या टाचांच्या ग्लिसरीनला खेटून. म्हणशील, अरे शहाण्या, बाटली हलवायची होतीस. पण जाताना तूच बजावलंस ना, 'माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही, आल्यावर जागच्या जागी हव्यात'? सात महिने नाही लावला. बाटली हलवली तर तू यायचीच नाहीस, असं वाटायचं. हसू नकोस.

मंगळवारी सकाळी दाढी करताना कोपर लागलं, बाटली आडवी झाली आणि बरणीचं झाकण उघडंच (मी कधी नीट लावत नाही, हे तुझंच म्हणणं). अर्धा मिनिट काहीच नाही. म्हटलं, सुटलो! तेवढ्यात धूर, मग जांभळट ज्वाळा, फळी पेटली. मी भाजीची बादली भाजीसकट ओतली. आग विझली, भिंत रंगली. वरच्या मजल्यावरच्या काकू धावत आल्या आणि आधी काय विचारावं? "ताई कधी येणार?" म्हटलं, येईल की, घाई काय आहे. आणि मला रडूच फुटलं. धुराने, असं सांगितलं त्यांना.

तरी काळजी नसावी. बाळाचा गोड पापा घे.

तुझा,
धाकटा

ता. क. बरणी कॉलेजात परत नेली. नवी फळी बसवली आहे. ती रिकामीच आहे.

ता. क. दुसरा. नवं ग्लिसरीन मी आणणार नाही. तू कुठल्या दुकानातून आणायचीस, मला माहीत नाही (माहीत आहे. कोपऱ्यावरच्या). तूच येऊन आण. भाची सोडत नसेल तर सांग, मामाच्या घराला आग लागली. विझली, हे सांगू नकोस.