रविनाच्या गोलाला साक्ष

प्रिय रविना,

फोन तू उचलत नाहीस, मेसेजला नुसता अंगठा पाठवतेस, म्हणून हे पत्र. दमले ग बाई. दिवसभर तळोद्याच्या आश्रमशाळेत पोरांचे पाढे आणि संध्याकाळी मोबाईलवर ज्ञानकोशातला तो लेख, ‘दूरचित्रवाणीवरील हॉकी’. त्यात मीच हौसेने एक वाक्य घातलं होतं, की राज्य स्पर्धेचा अंतिम सामना टीव्हीवर थेट दाखवला आणि विजयी गोल तोरणमाळच्या रविना पावराने केला. आता कुणा संपादकाने लेखभर ‘संदर्भ हवा’च्या चिठ्ठ्या डकवल्यात. पुरावा दिला नाही तर तुझं वाक्य उडणार. जुन्या दुव्यांपैकी एक धड उघडेल तर शपथ! एक उघडला, तर समोर कुकरची जाहिरात.

तुझ्या बाला, आपल्या दिवाल्याकाकांना, हे कळलंच. पाहुणा आला की ते मला लेख उघडायला लावतात, तुझं नाव दाखवायला. चिठ्ठी दिसली तशी त्यांनी विचारलं, संदर्भ म्हणजे काय? मी म्हटलं, साक्ष. झालं! पुढच्या रविवारी वर तोरणमाळला गेले तर आंब्याखाली पंच बसलेले. भांडण असो की लग्न, आपल्याकडे पंचांसमोर चार माणसं बोलली की पक्कं. करमसिंगदादाच्या टीव्हीवर ज्यांनी सामना पाहिला, ते सगळे हजर. कालीबाईने शपथेवर सांगितलं, तू गोल मारलास तेव्हा तिच्या हातची भाकर चुलीत पडली. मी सगळं रेकॉर्ड करून पाठवलं. उत्तर आलं, गावकऱ्यांची आठवण चालत नाही, छापील पाहिजे. काकांना हे सांगताना मला रडू येत होतं.

आणि दुसरं ओझं तुझं. गुडघा गेला, तू संघाबाहेर झालीस, पण बाला सांगू नकोस म्हणून मला शपथ घातलीस. सामना लागला की ते आता घरच्या टीव्हीसमोर बसतात, तू दिसत नाहीस, आणि फोनवर तू सांगतेस की कॅमेरा तुझ्याकडे वळलाच नाही. मी शेजारी बसून नंदीबैलासारखी मान हलवते. दोन होळ्या गेल्या, तू घरी फिरकली नाहीस.

शेवटी शहाद्याच्या वाचनालयात धूळ खात, शिंकत, जुने अंक चाळले. बातमी सापडली, तुझ्या नावासकट. पण अंक रविवार सकाळचा! आम्ही सामना पाहिला रविवारी दुपारी. म्हणजे खेळ शनिवारीच संपला होता, आम्ही पाहिलं ते रेकॉर्डिंग. काकांनी तर सामना लागायच्या आधी देवाला कोंबडा दिला होता ना, तू जिंकावीस म्हणून? मी ‘थेट’ शब्द काढला, बातमीचा संदर्भ दिला. वाक्य टिकलं. पण काकांना काय सांगायचं?

काल त्यांच्याकडे गेले. अडखळत सांगितलं. तर ते हसायला लागले! शनिवारीच तुझ्या हॉकीच्या सरांचा फोन येऊन गेला होता म्हणे. कोंबडा मागण्यासाठी नव्हताच, नवस फेडायचा होता. पण साऱ्या पाड्याचा जीव टांगणीला लागलेला, लोकांची मजा कशाला घालवायची, म्हणून तेही सगळ्यांबरोबर ओरडले.

मग टीव्ही बंद करत म्हणाले, गुडघ्याचंही सरांनी कधीच सांगितलंय. पोरीला वाटतं बा खचेल, म्हणून ती बोलत नाही. ती बोलेपर्यंत मी आपला सामना बघत बसतो. रविना, मला तिथे बसवेना ग. बाहेर आले तर अंगणात नवा कोंबडा बांधलेला. कशासाठी, विचारलं. म्हणाले, होळीला फेडायचा आहे, लंगडत आली तरी चालेल. आता ये.

तुझीच, खोटं बोलून दमलेली,
सोनम