गढीतली राणी उठली

तीर्थरूप आईस, तुळजाचं तुझ्या पायावर डोकं.

आमी दोघं मजेत हाव. उसाच्या पाचटाची कोपी ऊबदार हाय, थंडी वाजत न्हाई. तलवाड्याच्या आडाला पाणी हाय का? तू दुष्काळी कामावर खडी फोडायला जाती का? तिथं खायला मिळालेली सुकडी सगळी माझ्या लेकीला, अनशीलाच चारत असशील. तू बी खात जा.

काल साखर कारखाना बंद होता. मग टोळीतल्या बायांनी तू सांगायचीस त्या गोष्टीचं नाटक केलं. शापातली राणी मी झाले. गढीत एकटीनं शेला विणायचा, रस्ता फक्त आरशात बघायचा, वळून खरा बघितला की मरायचं. आरसा म्हणून जर्मनची थाळी घेतली. राजपुत्र म्हणून हे आले, गाडीच्या बैलावर बसून! मी वळून बघितलं आन् धाडकन पडले.

तर हे खाली उडी मारून वरडले, "अगं ऊठ! तू मेलीस तर आपला कोयता मोडंल!"

इथं नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात, एकट्याला मुकादम ठेवत न्हाई. बाया पोट धरून हसल्या. राणीला उठावंच लागलं. शेजारची म्हातारी छबुबाई म्हणली, "फिटला बाई शाप."

आई, निघताना अनशी झोपली होती. वळून बघितलं असतं तर पाय निघाला नसता, म्हणून तशीच गाडीत बसले. पुढच्या साली तिला जागी ठेव. वेस दिसती तवर मी वळून वळून बघणार हाय.

तुझी जिती राणी,
तुळजा