मागच्या चाकाचा आवाज

४ फेब्रुवारी

माफ कर बाई वही, फार उशिरा उघडतोय तुला. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही. काळजीच एवढी होती की पेन धरवत नव्हतं. आज बायको म्हणाली, माझं डोकं खाण्यापेक्षा वहीचं खा. म्हणून बसलो.

तर धाकट्याने मागचं चाक मोडून आणलं. माझा भाऊ. साठी उलटली तरी सगळे त्याला धाकटाच म्हणतात. वरच्या खोलीत राहतो, लग्नाच्या भानगडीत पडलाच नाही. नोकरी संपली की माणसं बागेत फिरतात, पेपर वाचतात. याने जाड टायरची सायकल घेतली आणि मागच्या डोंगरावरून दगडधोंड्यांतून खाली उतरायला लागला. एकटा! हेल्मेट घालतो म्हणे. हेल्मेट डोक्याला. बाकीच्या हाडांचं काय?

चाक फिरवलं की दारुड्यासारखं झोकांड्या खातंय. कोपर सोललंय. विचारलं तर म्हणतो, "दगडाला बाजूला हो म्हटलं, दादा. त्याने ऐकलं नाही."

हसला वर. मला नाही हसू आलं.

५ फेब्रुवारी

नवी चाकं घेणार. कार्बनची!

मला कार्बन माहीत आहे तो कागदाखाली घालायचा. निळाकाळा, बोटांना लागतो. त्यावर बसून हा डोंगर उतरणार? त्याने समजावलं — बारीक धाग्यांचं कापड असतं, चिकट रसायनात भिजवून साच्यात भाजतात, मग ते धातूला मागे सारतं. वाकत नाही अजिबात.

वाकत नाही तर मग काय होतं, असं विचारलं. तर म्हणाला, आज आमटीत मीठ कमी आहे का?

८ फेब्रुवारी

आज डोंगराकडे बघायचं नाही असं ठरवलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुसरं काही दिसतच नाही.

११ फेब्रुवारी

त्याच्याबरोबर चाकवालीकडे गेलो. बाजाराच्या टोकाला अरुंद दुकान आहे, आढ्याला रिमा टांगलेल्या, मधे एक लोखंडी घोडा, त्यावर चाक चढवून ती स्पोक आवळत बसते. चष्मा कपाळावर. घोड्याखाली तांबडा कुत्रा झोपलेला, कान लोंबते. नाव विचारलं तर म्हणाली, नाव कशाला, तो हाक मारल्यावर येतच नाही.

तिने वजन विचारलं, चालवणाऱ्याचं. धाकटा बोलायच्या आत मी सांगून टाकलं, चांगलं भरभक्कम. माझी सवयच ती. जन्मभर मोठ्या ऑफिसात लिफ्ट चालवली. आठ माणसांची पाटी होती, मी सहाच घ्यायचो. लोक शिव्या घालायचे. पण लिफ्ट कधी अडकली नाही.

धाकटा म्हणाला, "दादा, मी माणूस आहे. सामानाचा ट्रक नाही." चाकवालीने आम्हा दोघांकडे बघितलं आणि त्याला सरळ पार्सलच्या काट्यावर उभं केलं.

मग मी मनातलं विचारलं. हे कार्बन तुटतं का? बाई खोटं बोलली नाही. म्हणाली, "तुटतं, काका. पण ज्या दगडाने यांचं जुनं चाक वाकलं, त्याने याला ओरखडासुद्धा जायचा नाही. तडा गेलाच तर दिसतो. दिसला की चालवायचं नाही, माझ्याकडे आणायचं." तिच्याकडे दोन जाती होत्या, एक पातळ आणि हलकी, दुसरी जरा जाड. धाकट्याचा हात पातळ रिमेवरून फिरत होता, जसा लहानपणी खेळण्यांच्या दुकानात फिरायचा. मी नुसता बघत राहिलो. शेवटी म्हणाला, जाडच द्या, नाहीतर हा जेवणार नाही.

एक जिंकलो.

१२ फेब्रुवारी

काल हबचं लिहायचं राहिलं. हब म्हणजे चाकाच्या मधला गड्डा, स्पोक ज्यात अडकतात तो. मागच्या हबात दाते असतात. पायडल मारलं की ते पकडतात, पाय थांबवला की त्यांच्यावरून घसरून टकटक वाजतात. धाकट्याचा जुना हब चांगला वाजतो. डोंगर उतरून तो मागच्या गल्लीत वळला की टक-टक-टक येतं, आणि माझा जीव भांड्यात पडतो. तोपर्यंत मी मागच्या दाराशी स्टुलावर. बायको म्हणते, लिफ्टमधलं स्टूल सुटलं, हे घेतलं.

पण तो जुना हब पकडायला वेळ लावतो म्हणे. पाय क्षणभर रिकामा जातो. सपाट रस्त्यावर काही नाही, पण दगडाच्या पायरीवर तेवढ्यात माणूस आडवा. चाक मोडलं तेव्हा तसाच पडला.

म्हटलं, हवा तो घे, पण वाजणारा घे. एवढी एकच अट माझी. चाकवाली हसली. म्हणाली, बारीक दात्यांचा एक आहे, लगेच पकडतो, आणि बाजारात त्याच्याएवढा बोंबलणारा दुसरा नाही. दोघांचंही भागलं. धाकटा खूश, मीही.

१९ फेब्रुवारी

दाराची बेल बिघडलीय. दूधवाला म्हणतो, किती वेळ दाबत होतो. उघडून बघितली, तारा घासल्या, परत बसवली. नाही वाजत. बायको म्हणते वाजते. तिला भास होतात हल्ली.

२३ फेब्रुवारी

किटलीची शिट्टीपण गेली. मी शेजारी बसलो होतो, पाणी आटून बूड काळं झालं. बायको बाहेरून ओरडत आली. आजकालच्या वस्तूच अशा. माणसंही तशीच, तोंडातल्या तोंडात बोलतात.

२७ फेब्रुवारी

चाकं आली. काळी, मंद, चकाकी नाही. बोटाने उचलली, वजनच नाही! आणखी काळजी.

धाकटा दुपारी डोंगरावर गेला. मी स्टुलावर, तोंड घराकडे, कान गल्लीकडे. वाट बघितली, बघितली. ऊन उतरलं. उठून गल्लीत जाऊ म्हणून वळलो, तर हा मागे उभा, सायकल भिंतीला लावलेली, पाणी पितोय! चोरासारखा आला.

"काय पकडतो रे दादा," म्हणाला. "पाय लावायचा अवकाश."

मी म्हटलं, वाजला कुठे? तो म्हणाला, वाजला की, गल्लीतली खिडकी उघडली एकीने. थट्टाच त्याची.

५ मार्च

तीनदा गेला, तीनदा तसाच मुकाट आला. चाकवालीने फसवलं आम्हाला. बोंबलणारा म्हणून मुका हब गळ्यात मारला. धाकटा भिडस्त, तो काही बोलणार नाही. मलाच जावं लागेल. जन्मभर लिफ्टच्या तारेचा आवाज ओळखत आलो, माझ्या कानाला कोण फसवणार?

६ मार्च

गेलो. धाकट्याला न विचारता चाक काढून काखेत घेऊन गेलो. दुकानात लोक होते, तरी बोललो. बरंच बोललो. तिने ऐकून घेतलं. मग चाक घोड्यावर चढवलं आणि हाताने जोरात फिरवलं.

स्पोक दिसेनासे झाले. दारातल्या माणसाने वळून बघितलं. कुत्रा ताडकन उठला आणि शेपूट घालून कपाटाखाली शिरला.

मला काही ऐकू आलं नाही.

तिने माझ्याकडे बघितलं. पुन्हा फिरवलं, हळू. चष्मा कपाळावरून खाली घेतला. मी म्हटलं, हं, आता वाजतंय, आधी कुठेतरी अडकलं असेल. आणि चाक घेऊन निघालो.

बेल चांगली होती. किटलीसुद्धा.

७ मार्च

लिहवत नाही.

१० मार्च

कुणाला सांगायचं नाही. सांगितलं तर बायको मला रस्ता ओलांडू देणार नाही. आणि धाकटा? मी ऐकत बसतो म्हणून तो निर्धास्त जातो असं मला वाटायचं. खरं तर उलटं आहे. ऐकू येतं म्हणून मी बसू शकतो.

जाड आवाज येतात मला. पावलं, दरवाजा, शेजाऱ्याची मोटर. बारीक ते गेलं. कधी गेलं कळलंही नाही. लिफ्टचा दिवा जाताना निदान लुकलुकतो.

१४ मार्च

उपाय सापडला. अंदाजाने वेळ धरायची, आणि तो दिसायच्या आधीच ओरडायचं, "आलास का रे? ऐकलं हो!" दोनदा जमलं. धाकटा खूश. म्हणाला, बघ, तुझ्यासाठीच घेतला.

मी स्टूल उचलून आत नेलं.

१८ मार्च

आज फजिती झाली.

वेळ धरून मी आतूनच ओरडलो, "आलास? गल्लीच्या तोंडापासून ऐकतोय!" दार उघडलं. धाकटा समोर, घामाघूम, सायकल खांद्यावर.

"साखळी तुटली, दादा," म्हणाला. "डोंगरापासून खांद्यावर आणलीय. चाक फिरलंच नाही."

मी स्टुलावर बसलो. तोही पायरीवर बसला, बूट काढत राहिला. मग जाड आवाजात, माझ्याकडे तोंड करून म्हणाला, केव्हापासून?

मी खांदे उडवले. तो म्हणाला, बेलवर एवढा स्क्रू ड्रायव्हर चालवलास तेव्हाच मला कळायला हवं होतं. मग हसायला लागला. मीही हसलो. डोळ्यांतून पाणी आलं, हसण्याचंच असेल.

बायकोला सांगितलं. तिला माहीत होतं! म्हणे, भाऊजींनाच माहीत नव्हतं, घरात बाकी सगळ्यांना होतं. घरात बाकी कोण आहे? तीच. कानाच्या डॉक्टरची वेळ पुढच्या महिन्यातली मिळालीय. मशीनने फरक पडेल, न पडेल.

२० मार्च

धाकट्याचं ठरलंय. जुना हब नव्या रिमेत बसवून घेणार. मला ऐकू येतो तो. मी म्हटलं, अरे पण तो उशिरा पकडतो. तो म्हणाला, जपून चालवेन. धाकटा आणि जपून! जन्मापासून ओळखतो त्याला.

पण खरं लिहायचं तर मला बरं वाटलं. टक-टक-टक पुन्हा ऐकू येईल. दिवसभर बरं वाटत होतं. तेच वाईट वाटलं मग.

२३ मार्च

चाकवालीकडे. तिने मागचं चाक घोड्यावर घेतलं होतं, स्पोक सुटायचे होते अजून. जुना हब पुसून टेबलावर ठेवलेला. धाकटा साखळी बघायला बाहेर गेला होता.

मी तिची माफी मागितली, त्या दिवसाची. ती म्हणाली, त्यात काय, गिऱ्हाइकं रोजच भांडतात, तुम्ही निदान चाक परत नेलंत. मग जुना हब तिने बोटांत धरून फिरवला. टक. टक. टक. स्पष्ट! अंगावर काटा आला. लिफ्ट मजल्याला लागल्यासारखं वाटलं.

मी म्हटलं, आता तो दुसरा फिरवा. तिने चाकाला हात लावला. कुत्रा कपाटाखाली गेला. मला नुसतं फिरणारं चाक दिसलं.

विचारलं, बाई, तुमचा भाऊ असता तर?

ती स्पोकची चावी पुसत राहिली. म्हणाली, "काका, पडणारा आवाज करून पडत नाही. कुठला हब लगेच पकडतो तेवढं बघायचं."

धाकटा आत आला तेव्हा मी सांगून टाकलं, चाक आहे तसंच राहू दे. तो भांडला. म्हणाला, मग तू स्टुलावर बसून करणार काय? मी म्हटलं, माझं मी बघतो, तू दगडाचं बघ. तरी ऐकेना. तेव्हा मोठ्या भावाचा आवाज काढला. तो अजून शाबूत आहे.

जुना हब त्याने खिशात घालून आणला. टेबलावर ठेवलाय. येता-जाता फिरवतो मी.

२७ मार्च

धाकटा परवा मोठी फेरी मारणार आहे, पलीकडच्या कड्यावरून. तिकडे फोन लागत नाही. विचारात पडलो. आज एकटा चाकवालीकडे गेलो आणि एक वस्तू दोन दिवसांसाठी मागितली. तिने घोड्याखाली वाकून दोरी माझ्या हातात दिली.

बायको म्हणते, सतरंजीवर केस पडले तर तुम्ही झाडायचे.

२९ मार्च

धाकटा सकाळीच गेला. दुपार कलली. मी मागच्या दाराशी स्टुलावर, आणि शेजारी चाकवालीचा तांबडा कुत्रा पसरलाय. हाक मारून येत नाही, पण त्या हबचा आवाज आला की लपायला पळतो. आम्ही दोघं गल्लीकडे बघतोय.

आत्ता त्याने एक कान उचलला. मग दुसरा. मला काही नाही.

उठला तो.

धाकट्या, तूच असशील तर लवकर कळव रे.